निपाणीच्या रस्त्यावरचे पाटे

निपाणीला रेल्वे नाही. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने पुणे ते लोंढा रूळ टाकले, ते मिरज, रायबाग, घटप्रभा असे पूर्वेकडून बेळगावला गेले. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला फाटा निघाला, तोही कोल्हापुरातच थांबला. मधल्या पट्ट्यात, पुणे-बंगळूर हमरस्त्यावर, तंबाखूची एवढी मोठी पेठ रुळांवाचून राहिली. इथला माल आणि इथली माणसं रस्त्यानेच हलली, आणि सगळं ओझं पडलं ते गाडीच्या मागच्या ॲक्सलवर आणि त्याला बांधलेल्या पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या कमानींवर. म्हणून या भागातल्या जुन्या मोटारींची गोष्ट इंजिनापासून सांगण्यात अर्थ नाही.

मोटारीच्या आधी बैलगाडी होती आणि तिला पाटे नव्हते. साटा सरळ कण्यावर बसलेला, कण्याच्या दोन टोकांना लाकडी चाकं, चाकांवर लोखंडी धाव. दगडावर चाक चढलं की हिसका कण्यातून थेट साट्याला आणि गाडीवानाच्या पाठीला. सुतार चाक जुळवायचा. लोहार धाव तापवून, फुगवून चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा, की ती आवळून घट्ट बसायची. तापवणं, वाकवणं, पाणी देणं हे तिन्ही हात इथल्या भात्यांपुढे आधीच तयार होते. पुढे मोटारीच्या पाट्यांना तेच लागले.

शहरात, बेळगावात, चाकाचा धंदा वेगळ्या वाटेने आला. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे सायकलींचं दुकान काढलं. सायकली विकता-दुरुस्त करता ते कडबा कापायच्या यंत्रांकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी त्यांची जागा हवी झाली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी देऊ केलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, १९१० मध्ये कारखाना हलला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने तो कारखाना गमावला, ही हळहळ आजही रास्त वाटते. ओतकाम आणि लेथकाम मात्र शहरात पुन्हा रुजलं. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप त्याची साक्ष देतात.

पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून कमान करायची युक्ती घोड्याच्या गाड्यांची. लंडनच्या ओबडाया इलियटने १८०४ मध्ये लंबगोल कमानींवर झुलणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. मोटारींनी ती कमान जशीच्या तशी उचलली. फोर्डच्या मॉडेल-टीला तर पुढे एक आणि मागे एक, अशा दोनच आडव्या कमानी होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेवरोलेची जोडणी सुरू केली. अशाच चासींवर लाकडी बॉडी चढवून प्रवासी वाहणाऱ्या सर्व्हिस मोटारी धावू लागल्या. त्या काळच्या अमेरिकन गाड्या जमिनीपासून उंच असत, आणि आपल्या रस्त्यांना तीच उंची मानवली.

महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्या आणि ट्रक बाजारात आले. महिंद्रने १९४७ मध्ये विलीज जीपची जोडणी हाती घेतली. मग वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनणारी फियाट ११०० आली, आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबेसेडर आली. ती उत्तरपाड्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. जीप, फियाट, अँबेसेडर या तिघींचा मागचा भाग एकाच कुळातला: आडवं अखंड हाउजिंग, पोटात क्राउन-पिनियन, दोन्ही बाजूंना पाटे. अँबेसेडरच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार होते, मागे मात्र पाटेच. जीपला चारही कोपऱ्यांत.

पाटा साधा दिसतो, पण त्याच्याकडे कामं फार. तो वजन पेलतो. हाउजिंगला चासीखाली जागच्या जागी धरून ठेवतो. ब्रेक दाबल्यावर आणि क्लच सोडल्यावर हाउजिंग स्वतःभोवती फिरू पाहतं, तो पीळही तोच सोसतो. पट्ट्या एकमेकींवर घासतात त्यातून हादरे थोडे विरतात. निपाणीजवळच्या तवंदी घाटातून भरलेली गाडी खाली येताना ही सगळी कामं एकदम अंगावर येतात. पाटा बहुधा मधोमध तुटतो, सेंटर बोल्टच्या भोकापाशी, कारण पोलाद तिथे मुळातच कमी केलेलं असतं. पाटा हाउजिंगला आवळणारे यू-बोल्ट ढिले राहिले तर तो दिवस लवकर येतो. तुटला नाही तरी वर्षानुवर्षं जास्त माणसं भरून तो बसतो, म्हणजे त्याची कमान उतरते आणि गाडी मागून जमिनीला टेकल्यासारखी दिसते.

उतरलेली कमान परत आणणं ही खरी कारागिरी. पाटे सुटे करायचे, तापवायचे, ठोकून बाक द्यायचा, मग तेलात विझवून पुन्हा बेताने तापवायचे. नुसतंच कडक केलं तर पाटा काचेसारखा तडकतो. गार पट्टीवर घण मारून काढलेली कमान थोड्याच दिवसांत पुन्हा बसते. घाईच्या गिऱ्हाइकाला मिस्त्री एक जादा पट्टी घालून देतो. गाडी उचलते, पण रिकामी असताना दगडासारखी आदळते आणि तो मार बॉडीला बसतो. नवा जोड घालणं केव्हाही चांगलं, आणि घालायचा तर दोन्ही बाजूंचा एकदम. एकच बदलला की गाडी तिरकी उभी राहते.

अख्खं ॲक्सल काढायचं तर आधी पुढच्या चाकांना उटी लावायची, मग मागून चासी उचलून घोड्यांवर ठेवायची. वजन जॅकच्या भरवशावर ठेवून गाडीखाली जायचं नाही. प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेकचा पाईप, हँडब्रेकची केबल, शॉक ॲब्सॉर्बर सुटे करायचे. हाउजिंगखाली वेगळा जॅक धरून यू-बोल्ट सोडायचे. पाट्याच्या टोकाच्या शॅकलची गंजलेली पिन निघायला बाकी सगळ्या कामाइतका वेळ खाते. बसवताना बुश आणि शॅकल यांचे शेवटचे नट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावरच आवळायचे. लोंबत्या पाट्यावर आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

मूळचं हाउजिंग मिळत नाही तेव्हा दुसऱ्या गाडीचं घालतात, आणि इथे अंदाज चालत नाही. दोन चाकांमधलं अंतर जुळावं लागतं. पाट्यांच्या बैठका नव्या जागी वेल्ड कराव्या लागतात. पिनियनचं तोंड गिअरबॉक्सच्या कोनाशी जमलं नाही तर शाफ्टचे क्रॉस थरथरून संपतात. जीपची अडचण आणखी वेगळी. युद्धातल्या विलीजच्या डिफरन्शलचं प्रमाण ४.८८, नंतरच्या नागरी जीपचं ५.३८. पेट्रोल महागलं तशी पुष्कळ जीपगाड्यांत डिझेल इंजिनं बसली. डिझेलचे फेरे कमी, त्यामुळे ५.३८ वर इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. मागचं ॲक्सल बदलावं तर पुढचंही त्याच प्रमाणाचं हवं, नाहीतर चारही चाकं जोडली की पुढचं-मागचं एकमेकांशी भांडतं आणि ताण गिअरपेटीवर येतो. ज्यांनी हे ओळखलं नाही त्यांच्या गाड्या घाटात उभ्या राहिल्या.

जुन्या पाट्यांचं आणि हाउजिंगचं पुढे काय होतं, हा भाग सर्वांत मोलाचा. कमानीचं पोलाद उत्तम असतं, म्हणून लोहार ट्रकच्या तुटक्या पट्ट्यांपासून कोयते घडवतो. पाट्याचा कोयता धार धरतो, हे ऊस तोडणाऱ्याला सांगावं लागत नाही. मोडीतली ॲक्सलं टायरगाड्यांखाली गेली. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ अशा साखर कारखान्यांच्या वाटेवर धाव-कण्याची गाडी मागे पडली आणि बैलांच्या मागे हवेचे टायर आले. कण्यापासून निघालेली वस्तू मोटारीतून फिरून पुन्हा बैलांच्या जोखडामागे पोहोचली.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. या भागाच्या मनातली ती सल अजून मिटलेली नाही. आज कोल्हापूरच्या गाडीवर एमएच ०९, निपाणीच्या गाडीवर केए २३, बेळगावच्या गाडीवर केए २२ असतं, आणि रस्ता तिघांचा एकच. त्याच रस्त्यावर १४ मार्च १९८१ पासून तंबाखूच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी ठाण मांडलं आणि ६ एप्रिलपर्यंत हमरस्ता रोखला. शेवटी गोळीबार झाला, माणसं मेली. ज्या गावाला रेल्वे नाही, त्याचा रस्ता अडणं म्हणजे काय, हे त्या तीन आठवड्यांत सगळ्या देशाने पाहिलं.

गेल्या काही वर्षांत जुन्या गाड्या जपण्याचा छंद वाढला, तसा एक वादही वाढला. परदेशी जुन्या गाडीखाली अँबेसेडरचं ॲक्सल दिसलं की जाणकार नाक मुरडतात. भाग मिळत नसत त्या काळात ती गाडी चालती राहिली ती त्याच ॲक्सलमुळे. ते काढून टाकण्याआधी त्याची नोंद ठेवणं हे तरी तिचं देणं आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले: पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट त्यात आहे. मागच्या ॲक्सलचं आणि पाट्यांचं वेगळं नाव त्यात नाही. चासीला नवी बैठक वेल्ड न करता, मूळच्याच भोकांत मूळच्याच मापाचे पाटे बसवले तर तो फेरबदल ठरवणं अवघड. म्हणून नवं हाउजिंग आणणाऱ्याने टेप घेऊन आधी पाट्यांच्या दोन बैठकांमधलं अंतर मोजावं, मगच पैसे द्यावेत.