डिपस्टिक स्वच्छ, तरी इंजिन आजारी

आजचा भाग आहे ट्रकच्या इंजिनाबद्दल: कूलंट गळून ऑइलमध्ये जातंय, हे ओळखायचं कसं? पण सुरुवात करायचीय रेल्वेपासून.

1940 चं दशक, अमेरिका. वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची येत होती. वाफेच्या इंजिनाचं बरंचसं दुखणं बाहेरून दिसायचं. इथे वाफ गळतेय, तिथे सांधा खडखडतोय. डिझेलचं सगळं दुखणं आत, लोखंडाच्या पोटात. मग कोलोरॅडोच्या डोंगरांतून गाड्या चालवणाऱ्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे वेस्टर्न रेल्वेने 1946 मध्ये वेगळाच मार्ग धरला. इंजिन न उघडता, वापरलेलं ऑइल प्रयोगशाळेत जाळायचं आणि त्याचा उजेड तपासायचा.

उजेडच का? तर 1860 च्या आसपास जर्मनीत बुन्सेन आणि किरखॉफ यांनी दाखवलं होतं की प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपल्या ठरलेल्या रंगाच्या रेषा देतं. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे आठवतात ना? तो पिवळा रंग सोडियमचा. ऑइलमध्ये लोखंड वाढलं तर लायनर झिजत असेल. शिसं, तांबं वाढलं तर बेअरिंगवर संशय. आणि सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं तर? कूलंट! कारण गंज लागू नये म्हणून कूलंटमध्ये यांचे क्षार असतात. (काही ऑइलमध्ये मुळातच सोडियम असतं, म्हणून कोऱ्या ऑइलचा नमुना शेजारी हवाच.) पुढे 1950 च्या दशकात अमेरिकन नौदलाने हीच पद्धत विमानांच्या इंजिनांसाठी उचलली, आणि आज ट्रकच्या ऑइलचीही अशी तपासणी होते.

मला यातली भारी वाटते ती गोष्ट अशी. गळती बारीक असेल तर गरम इंजिनात पाणी वाफ होऊन उडून जातं. डिपस्टिकवर काहीच दिसत नाही. क्षार मात्र मागे राहतात. सर्व्हर पडायच्या कितीतरी आधी लॉगमध्ये कुरकुर सुरू असते, अगदी तसं. उलट थंडीत गाडी थोडी थोडीच चालवली, तर ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते आणि माणूस उगाच घाबरतो. ती बऱ्याचदा नुसती थंड होऊन साचलेली वाफ असते.

पण खरी गळती असेल तर थांबून चालत नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल तापून आम्लं तयार होतात, ऑइल चिकट होतं, बेअरिंग खाल्ली जातात. एका ट्रकवर घर आणि हप्ते चालवणाऱ्यासाठी हे फार महाग प्रकरण आहे.

आता गळतंय कुठून? रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट बघा. कूलंटमध्येही ऑइलचा तवंग असेल तर संशय ऑइल कूलरवर. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जातं. बंद केल्यावर उलटा प्रवास.

तिसरा आरोपी लायनर. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, कूलंटमध्ये सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना लोखंडाला टोचे मारतात. जहाजांच्या पंख्यांना असेच खड्डे पडायचे. 1917 मध्ये लॉर्ड रेली यांनी बुडबुडा मिटताना किती प्रचंड दाब तयार होतो, याचं गणित मांडलं. ट्रकमध्ये हे टोचे वाढत वाढत आरपार भोक पडतं. बऱ्याच जड ट्रकच्या कूलंटमध्ये नायट्राइट असतं ते हेच रोखायला. नुसतं नळाचं पाणी ओतत राहिलं की ते पातळ होत जातं.

घरगुती उपाय एकच सांगतो. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी सुरू न करता चेंबरचा ड्रेन प्लग किंचित सैल करा. कूलंट ऑइलपेक्षा जड, म्हणून तळाशी साचलं असेल तर आधी तेच येतं. आलं, तर चेंबर उतरवायचा, रेडिएटरला पंपाने दाब द्यायचा आणि टॉर्च घेऊन खालून बघायचं, थेंब कुठल्या लायनरखाली धरतोय. कधी दहा मिनिटांत दिसतो, कधी तासन्‌तास वाट बघावी लागते.