दहावीचा दाखला आणि परदेशाचे दार

परदेशातील नोकरी म्हटले की आपल्यासमोर अमेरिकी वकिलातीपुढची रांग उभी राहते. परंतु तुमसर किंवा लाखांदूरहून गवंडी वा सुतार म्हणून आखाती देशांत जाऊ पाहणाऱ्या कमी शिकलेल्या तरुणाला त्या देशाच्या व्हिसाखेरीज आणखी एक दार ओलांडावे लागत आले आहे. ते दार आपल्याच सरकारचे, आणि त्याचा इतिहास भारतीय पासपोर्टाहून जुना आहे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाज ३६ मजुरांना घेऊन कलकत्त्याहून मॉरिशसला पोचले. गुलामगिरी संपत आल्याने उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १८३७ साली कंपनी सरकारने कायदा केला : जाणाऱ्याने अधिकाऱ्यासमोर हजर व्हावे, कराराच्या अटी तेथे मांडाव्यात, नोकरीची मुदत पाच वर्षांची असावी, परतीच्या प्रवासाची तरतूद असावी. त्या वेळी भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य १८५४ साली खालसा झाले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेले मराठी मजूर बहुतांशी कोकणातले. वैनगंगेकाठच्या माणसाला समुद्र फारच दूर होता.

१९२२ च्या कायद्याने अकुशल मजुरांचे स्थलांतर सरकारने अधिसूचित केलेल्या देशांपुरते मर्यादित केले. १९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखातात बांधकामे सुरू झाली, दलालांचा सुळसुळाट झाला आणि जुना कायदा अपुरा पडला. म्हणून १९८३ चा उत्प्रवासन कायदा आला. भरती करणाऱ्याला नोंदणी सक्तीची झाली आणि मजुराचा करार तपासून परवानगी देण्यासाठी ‘उत्प्रवासी संरक्षक’ हा अधिकारी राहिला. भंडाऱ्याच्या माणसासाठी ही कचेरी मुंबईत, म्हणजे सुमारे ९०० किलोमीटरवर.

या व्यवस्थेतली खरी मेख शिक्षणाच्या अटीत आहे. पुढे दहावी उत्तीर्ण झालेल्यांना या परवानगीतून सूट मिळाली. म्हणजे दहावीचा दाखला हाच, आपले हित आपण पाहू शकतो, याचा पुरावा ठरला. मराठी शाळेत दहावी झालेला मुलगा अरबी किंवा इंग्रजी करारातली पगाराची आणि पासपोर्ट कोणाच्या हाती राहील याची कलमे वाचू शकेलच असे नाही. तरीही त्याच्यासाठी ती तपासणी उरत नाही. उलट, ज्याला परवानगी आवश्यक, तोच दलालाच्या सांगण्यावरून पर्यटक व्हिसावर निघून जातो आणि संरक्षणाच्या कक्षेबाहेर पडतो.

१८३७ च्या कायद्याचा हेतू निर्मळ होता असे म्हणवत नाही. मळेवाल्यांचा स्वार्थ त्यात होताच. पण करार ज्याचा, त्याच्यासमोर तो मांडला गेला पाहिजे, हे तत्त्व त्यात होते. जावे की राहावे, हे ठरवण्याचा हक्क मजुराचाच. तो बजावताना कागदावर काय लिहिले आहे ते त्याला त्याच्या भाषेत सांगणारा माणस त्याच्या गावापासून एका दिवसाच्या अंतरावर असायला हवा. दाखला पाहून त्याला एकटे सोडणे, याला संरक्षण म्हणता येत नाही.