यू मुम्बाचे दोन कोपरे

आमच्या मोहोपाड्यात सामना रंगला की पोरं चढाईपटूच्या नावाने ओरडतात. मी आधी कोपरे बघतो. 2015 साली यू मुम्बाने बेंगळुरू बुल्सला 36-30 हरवून प्रो कबड्डी जिंकली, ती बचावाच्या जोरावरच. डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्यात मोहित छिल्लर, मधे आपला विशाल माने आणि जीवा कुमार. चढाईपटूने बोनससाठी पाय टाकला रे टाकला की नाडा वाकून घोटा धरायचा. पण नुसता घोटा धरून गडी थांबत नाही. मध्यरक्षकाला क्षणाचा उशीर झाला, तर चढाईपटू कोपऱ्याला फरपटत नेऊन मधली रेषा गाठतो. माने वेळेवर पोचायचा, खांदा घालायचा, की खेळ खलास!

पुढच्या हंगामात पाटण्याकडून अंतिम सामन्यात 31-28 अशी हार झाली. मग 2016 चा लिलाव आला. छिल्लरला बुल्सनेच 53 लाखांना उचललं, नाडाही तिकडेच गेला. माझ्या मते तेव्हा कोपऱ्यांची जोडी राखणं ही पहिली गरज होती, बाकी सगळं नंतर. कर्णधार अनुप कुमार असूनही यू मुम्बाचा संघ त्या हंगामात उपांत्य फेरीत पोचला नाही. 2017 मध्ये नाडा-छिल्लर पुन्हा एकत्रच, हरियाणा स्टीलर्सकडून उतरले.