प्रवराकाठच्या साखरपट्ट्यातील इतिहासखुणा

नगरहून मनमाडकडे जाताना प्रवरा नदीवरचा पूल ओलांडला की कोल्हार बुद्रुक लागते. नदीच्या दक्षिण तीरावरील कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात, तर उत्तर तीरावरील कोल्हार बुद्रुक राहाता तालुक्यात मोडते. लगतच्या भगवतीपूर येथील भगवती देवीचे दर्शन घेऊन बहुतेक प्रवासी शिर्डीची वाट धरतात. मात्र या गावाच्या दोन्ही अंगांना, पश्चिमेस लोणी आणि पूर्वेस श्रीरामपूरच्या परिसरात, महाराष्ट्रातील साखर उद्योगाच्या घडणीच्या खुणा विखुरलेल्या आहेत.

भंडारदऱ्याचे पाणी

या इतिहासाची पहिली खूण कोल्हारपासून दूर, अकोले तालुक्यात आहे. अवर्षणप्रवण भागाला पाणी देण्यासाठी भंडारदरा येथे १९१० मध्ये दगडी धरणाचे काम सुरू झाले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले आणि धरणाला त्यांचेच नाव मिळाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या धरणाचे पाणी नदीतून ओझर बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. या बारमाही पाण्यामुळेच ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला.

खासगी कारखान्यांचा काळ

उसापाठोपाठ भांडवल आले. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र शुगर मिल्समुळे टिळकनगर ही वसाहत उदयास आली. हे दोन्ही साखर कारखाने पुढे बंद पडले. हरेगावी आज अधिक गजबज असते ती संत तेरेजा चर्चच्या परिसरात, सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या मतमाऊलीच्या यात्रेला. श्रीरामपूर शहराचे जुने नाव बेलापूर रोड. शहराचे नाव बदलले, तरी रेल्वे स्थानक बेलापूर म्हणूनच ओळखले जाते.

लोणीचा प्रयोग

ऊस शेतकऱ्याचा आणि कारखाना दुसऱ्याचा, या व्यवस्थेला उत्तर शोधले गेले ते याच पट्ट्यात. १९४५ मध्ये बेलापूर रोड येथे बागाईतदारांची परिषद अर्थतज्ज्ञ डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली भरली. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले. सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ लाभले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या कारखान्याने पहिले गाळप केले. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय. पहिली दहा वर्षे अध्यक्षपद गाडगीळांकडे व उपाध्यक्षपद विखे पाटलांकडे होते. १५ मे १९६१ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी कारखान्याला भेट देऊन तो राष्ट्राला अर्पण केला. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९६४ मध्ये स्थापन झालेली शिक्षण संस्था आणि लोणीचे रुग्णालय ही याच प्रयोगाची पुढची फळे. विठ्ठलरावांचे निधन १९८० मध्ये झाले आणि आज कारखाना त्यांच्याच नावाने चालतो.

सातबाऱ्यावरची खूण

धरणाला गव्हर्नरांचे आणि कारखान्याला संस्थापकांचे नाव लाभले. या इतिहासातील तिसरा घटक म्हणजे खंडकरी शेतकरी. त्याची खूण दगडात नव्हे, सातबाऱ्यावर शोधावी लागते. खासगी कारखान्यांनी ऊसमळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात आल्या. मूळ मालक मात्र कागदोपत्री खंडकरीच राहिले. मोर्चे, न्यायालयीन लढे आणि कायद्यातील दुरुस्त्या यांत अर्धे शतक गेले. २०१२ पासून जमिनींचे प्रत्यक्ष वाटप सुरू झाले, तेव्हा अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर नातवंडांची नावे लागली. सरकारजमा होऊन कंपनीकडे गेलेल्या आकारी पड जमिनींचा प्रश्न याहून वेगळा असून त्यासाठी वारसांना स्वतंत्र लढा द्यावा लागला.

एका दिवसाची वाट

कोल्हार हे या खुणा पाहण्यासाठी सोयीचे मध्यवर्ती ठिकाण आहे. येथून लोणी-प्रवरानगर काही किलोमीटरवर असून श्रीरामपूर, टिळकनगर व हरेगावकडेही रस्ते जातात. भंडारदऱ्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. वाटेत लागणारा कालवा हाच या सर्व स्थळांना जोडणारा धागा आहे. त्याच्या काठचा शेतकरी खंडकरी होता की सभासद, यावरून त्याच्या घराण्याचा शतकभराचा इतिहास उलगडतो.