बियाण्याची पारख आणि शेतकऱ्याचा विश्वास



बाजारात बैल घ्यायचा झाला तर आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मडके घेताना टिचकी मारतो. कापड घेताना त्याचा पोत बोटांत धरून पाहतो. बियाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. पिशवी शिवलेली असते, वर सुंदर चित्र असते, आणि दाणा टपोरा दिसला तरी तो उगवेलच असे नाही. त्याचा गुण आत लपलेला असतो आणि तो जमिनीत पडल्यावरच कळतो.

आजकाल शहरातला माणूस संगणकात बसवायचे नवे ग्राफिक्स कार्ड विकत घेतो. त्याचीही गत हीच. खोके चकचकीत असते. आतला दोष वापरू लागल्यावर बाहेर येतो. पण ते कार्ड बिघडले तर हमीच्या मुदतीत दुकानदार बदलून देतो आणि माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो. बियाण्याची पिशवी एक वेळ बदलून मिळेल, पण निघून गेलेले मृग नक्षत्र कोणी बदलून देत नाही. म्हणून शेतकऱ्याला पिशवी घेताना फार मोठा विश्वास टाकावा लागतो. हा विश्वास पूर्वी कशावर होता, तो कसा डळमळला, आणि आज तो कशावर ठेवावा, याचा थोडा इतिहास आपण पाहू.

परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे गाव लागते. काळ्या जमिनीचा हा मुलूख. ज्वारी, कापूस, तूर ही इथली जुनी पिके. आजोबा-पणजोबांच्या काळी अशा गावात बियाण्याचे दुकान नव्हते. खळ्यावरच भरदार कणसे निवडून बाजूला काढीत. घरातल्या बाया ती उन्हात वाळवीत, दाणे राखेत नाही तर कडुनिंबाच्या पाल्यात घालून मडक्यात किंवा कणगीत ठेवीत आणि वर शेणामातीने लिंपून टाकीत. ज्याचे बी सरले तो शेजाऱ्याकडे जाई. हे बी सवाईने किंवा दिढीने मिळे. म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण परत करायचे. व्यवहार जड होता, तो सोसणाऱ्यालाच ठाऊक. पण एक गोष्ट पक्की होती. ज्याच्या घरचे बी, त्याचे पीक आपण बांधावरून पाहिलेले असे. फसवणूक झालीच, तर फसवणारा रोज पारावर भेटणारा होता.

हा जुना विश्वास पहिल्यांदा डळमळला तो कापसात. पूर्वी सरकी घरच्या चरकावर निघे, त्यामुळे आपल्या शेताचे बी आपल्या घरी राही. पुढे सरकी काढण्याचे कारखाने आले. दहा गावांचा कापूस एका ठिकाणी पडू लागला आणि सगळ्यांची सरकी एकात एक मिसळली. तीच सरकी पुढच्या साली पेरणीला आली. आपल्या भागातला गावरानी कापूस लांब आणि तलम धाग्यासाठी नावाजलेला होता. त्यात आखूड धाग्याच्या जातींची भेसळ होऊ लागली. शेतकऱ्याने काही लबाडी केली नव्हती, तरी त्याच्या मालाचे नाव खाली आले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तिथे 1918 साली सरकारी प्रयोगशेत सुरू झाले आणि पुढे गावरानी कापसातून निवड करून शुद्ध वाण काढण्याचे काम झाले. बियाण्याची शुद्धता टिकवणे हे एकट्यादुकट्याचे काम राहिले नाही, हे इथे पहिल्यांदा दिसले.

आता थोडे दूर देशी जाऊ. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात काही व्यापारी स्वस्त बी उकडून किंवा भाजून मारीत आणि चांगल्या बियाण्यात मिसळून विकीत. मेलेले बी कशासाठी? तर ते उगवलेच नाही म्हणजे भेसळ कोणती, हे शेतात उघड होत नसे! जुने बी रंगवून नव्यासारखे करण्याचीही रीत होती. अखेर 1869 साली तिथल्या पार्लमेंटने त्याविरुद्ध कायदा केला. त्याच वर्षी जर्मनीतल्या थारांट गावी फ्रीडरिख नॉबे नावाच्या शास्त्रज्ञाने बियाणे तपासण्याचे केंद्र काढले. जगातले हे पहिले बीजपरीक्षण केंद्र मानतात. बियाण्याचे नमुने तपासताना त्यांच्यात किती केरकचरा आणि किती परके बी असते हे त्याला दिसले होते. त्याने केले ते अगदी साधे: दाणे मोजायचे, ओल्यात ठेवायचे, उगवलेले मोजायचे. विकणारा काय सांगतो याच्या जागी मोजणी काय सांगते हे आले. 1924 साली देशोदेशींच्या बीजपरीक्षकांची संघटना स्थापन झाली आणि मोजणीचे नियम सर्वत्र एकसारखे होऊ लागले.

आपल्याकडे ही गरज खऱ्या अर्थाने पडली ती संकरित बियाण्यामुळे. 1961 साली संकरित मका आला, 1964 साली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली आणि 1965 साली एचबी-1 ही संकरित बाजरी. वसंतराव नाईक तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि संकरित ज्वारीचा त्यांनी जोराने पुरस्कार केला. उत्पन्न मोठे होते, देशात धान्याची टंचाई होती. पण या बियाण्याची एक अट होती. ते घरी राखता येत नव्हते. नर वाण आणि मादी वाण वेगवेगळ्या ओळींत लावून त्यांच्या संकरातून ते दर वर्षी नव्याने तयार करावे लागे. शेजारच्या शेतातले पराग उडून आले, किंवा भेसळीचे झाड वेळीच उपटले नाही, तर सारे बी बिघडे. आणि बिघडलेला दाणा चांगल्या दाण्यासारखाच दिसे.

म्हणजे पाहा, कणगी गेली आणि पिशवी आली. शेजारी गेला आणि कधी न पाहिलेला कारखाना आला. मग विश्वास ठेवायचा कोणावर? यासाठी सरकारने काही पायऱ्या बांधल्या. 1963 साली राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले. 1966 साली बियाणे कायदा संमत झाला आणि ऑक्टोबर 1969 पासून अमलात आला. 1976 साली अकोल्याला महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे आपले महाबीज, सुरू झाले. खाजगी बाजूने जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको काढली आणि पुढे जालना बियाण्याची पेठ म्हणून ओळखले जाऊ लागले. राज्यात बीजपरीक्षणाच्या सरकारी प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि परभणी येथे झाल्या. झरीच्या शेतकऱ्याला त्यातली एक अगदी हाकेच्या अंतरावर आहे म्हणा ना!

कायद्याने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, किमान उगवण. शंभर दाण्यांपैकी गव्हाचे 85, ज्वारीचे 75 आणि सोयाबीनचे 70 तरी उगवले पाहिजेत. दुसरी, पिशवीवरची खूणचिठ्ठी. पैदासकार बियाण्याला पिवळी, पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी. आणि उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याला हिरवी. निळी चिठ्ठी असली म्हणजे प्रमाणीकरण यंत्रणेचा माणूस उभ्या पिकात जाऊन पाहून आला आहे. हिरवी असली म्हणजे विकणाऱ्याचाच शब्द आहे. हा फरक ठाऊक असावा.

पण चिठ्ठी खरी असली म्हणजे सारे ठीक झाले, असेही नाही. सीएसएच-1 ज्वारी बुटकी आणि लवकर येणारी. आपली देशी ज्वारी पाऊस संपल्यावर पिके; ही मात्र पावसातच दाण्यावर येई आणि ऐन भरल्या कणसाला बुरशी लागून दाणा काळा पडे. भाकरीलाही ती गोडी नव्हती. बियाणे खोटे नव्हते, पण आपल्या आभाळाला ते पुरते जुळले नव्हते. लोकांनी त्याची नोंद आपल्या भाषेत करून ठेवली. दिसायला चांगले पण आत दम नाही, अशा कशालाही खेड्यातली म्हातारी माणसे ‘हायब्रीड’ म्हणू लागली. ‘आताची माणसं हायब्रीड’ हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. एका नव्या वस्तूने लोकांचा भरवसा कसा गमावला, त्याची ही साक्षच म्हणायची.

बाजरीचे तर याहून मोठे नुकसान झाले. सुरुवातीच्या संकरित वाणांची मादी एकच होती, अमेरिकेतून आणलेली. सगळ्यांचे रक्त एक, म्हणून दुखणेही एकच. 1970 नंतरच्या काही वर्षांत एचबी-3 या वाणावर केवडा रोग पसरला तेव्हा शेतेच्या शेते गेली. नवी वस्तू थोड्या ठिकाणी, थोडी वर्षे तपासावी आणि मगच सर्वत्र न्यावी, हा धडा संशोधकांनाही त्यातून मिळाला. 1972 साली परभणीला कृषी विद्यापीठ झाले. इथल्या हवेत, इथल्या मातीत तपासलेले वाण शेतकऱ्याला मिळू लागले. त्यात सोयाबीनचेही वाण होते.

आता सोयाबीनकडेच येऊ. गेल्या काही दशकांत आपल्या भागात ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन पुढे आले. 2020 सालच्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात असंख्य शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरले आणि ते उगवलेच नाही. सरकारी महामंडळाच्या पिशव्यांबद्दल तक्रारी आल्या, खाजगी कंपन्यांच्याही आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. ज्याने व्याजाने पैसे काढून बी आणले होते त्याला दुबार पेरणीसाठी पुन्हा हात पसरावा लागला. घरात काय बोलाचाली झाल्या असतील, ते मी सांगायला नको.

हे कसे झाले? सोयाबीनची साल फार पातळ. आतला कोंब अगदी सालीलगत असतो. मळणी यंत्र जोराने फिरले, पोते उंचावरून आपटले, थप्पीवर थप्पी लागली, की दाणा आतून दुखावतो; वरून मात्र कळत नाही. त्यातच 2019 साली ऑक्टोबर महिन्यात काढणीच्या वेळी पावसाने झोडपले होते आणि बियाण्याचा माल भिजला होता. तपासणीच्या दिवशी चांगले असलेले बी पेरणीच्या दिवशी तसेच असेल, याची खात्री उरली नव्हती. कंपन्या म्हणत, ओल पुरेशी नव्हती, बी खोल पडले. शेतकरी म्हणे, बीच मेलेले होते. काही ठिकाणी पहिले खरे असेल, काही ठिकाणी दुसरे. निवाडा करायचा तर पुरावा हवा, आणि पुरावा बहुतेकांनी राखलेला नव्हता.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगतो. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या एका खटल्यात स्पष्ट केले की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. सगळे बी पेरून टाकले, नमुना राखला नाही, एवढ्यावरून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही, असेही न्यायालयाचे म्हणणे पडले. तरीसुद्धा पावती, रिकामी पिशवी, तिची चिठ्ठी आणि मूठभर बी जपून ठेवा. पावतीवर लॉट नंबर लिहून घ्या. उगवण बिघडली तर शेत मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, म्हणजे समिती येऊन पाहणी करील आणि पंचनामा होईल. आणि एक तास घरच्या किंवा दुसऱ्या खात्रीच्या बियाण्याचा पेरा. शेजारी शेजारी तास, ओल तीच, खोली तीच. मग दोष कुणाचा हे जमीनच सांगते.

याहून चांगले म्हणजे पेरणीआधीच पाहणे. नॉबेने प्रयोगशाळेत केले तेच आपल्याला ओसरीवर करता येते. पिशवीच्या निरनिराळ्या भागांतून, न निवडता, शंभर दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहासात दिवसांनी उलगडा आणि चांगले धडधाकट कोंब मोजा. सोयाबीनचे 70 किंवा जास्त आले तर नेहमीप्रमाणे एकरी सुमारे 30 किलो बी धरा. थोडे कमी आले तर बी त्या मानाने वाढवा. फारच कमी आले तर ती पिशवी दुकानातच परत गेलेली बरी. सोयाबीन संकरित नाही, म्हणून प्रमाणित बियाण्याचे आलेले पीक दोन-तीन वर्षे घरचे बी म्हणून वापरता येते. 2020 नंतर कृषी खात्यानेही हाच आग्रह धरला आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये आणि बी तीन-चार सेंटीमीटरच्या खाली घालू नये, हेही लक्षात असू द्या.

शिक्षक मित्रहो, हे काम तुमच्या शाळेचेच आहे असे मी म्हणेन. शाळा जूनमध्ये उघडतात आणि पेरणीही तेव्हाच. पण मृगाच्या आधी वेळ हवा, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीआधीच प्रत्येक मुलाला घरचे शंभर दाणे आणायला सांगा. गणिताच्या तासाला शेकडेवारी, विज्ञानाच्या तासाला अंकुर, आणि फळ्यावर प्रत्येक घराच्या बियाण्याचा आकडा. तो आकडा मूल घरी जाऊन बापाला सांगेल. सुटीत बी भिजले, हाललेबिल तर हीच तपासणी पेरणीच्या आठवड्याभर आधी घरी पुन्हा करायला ते शिकलेले असेल.

पूर्वी बियाण्याचा भरवसा शेजाऱ्याच्या बांधावर होता. आता शेजारी दूर गेला, चिठ्ठी आली. चिठ्ठी वाचावी, सरकारने ती खरी ठेवावी, विकणाऱ्याने तिची लाज राखावी. पण यंदा चाड्यावर मूठ धरण्याआधी, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायला विसरू नका.