दीड टन, पण कशाचे?

दहावीनंतर आयटीआयत रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगच्या ट्रेडला आलेलं पोर सुरुवातीलाच एका शब्दापाशी अडखळतं. वर्कशॉपमधला एसी 'दीड टनाचा' म्हणून ओळखला जातो आणि त्याचं आउटडोअर तर दोघंजण सहज उचलून टेबलावर ठेवतात. "सर, मग दीड टन कशाचं?" सर सांगतात, "तासाला बारा हजार बीटीयू म्हणजे एक टन, लिहून घ्या," आणि तांब्याच्या नळीच्या फ्लेअरिंगकडे वळतात. पोरं लिहून घेतात. प्रश्न मात्र तसाच राहतो. हे वजन खरंच आहे. फक्त ते एसीचं नव्हे, बर्फाचं आहे.

यंत्रं येण्याआधी थंडावा विकला जाई तो वजनावर. अमेरिकेतल्या बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर थंडीत गोठलेल्या तळ्यांचा बर्फ करवतीनं कापून जहाजांतून परदेशी धाडायचा. १८३३ साली त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, तरी शंभरेक टन शाबूत पोचला! पुढच्या वर्षी मुंबईलाही हा बर्फ आला. तो साठवायला फोर्टात बर्फघर होतं. मद्रासचं तर आजही उभं आहे, विवेकानंदांच्या नावानं.

पुढे बर्फाची जागा यंत्रं घेऊ लागली, तेव्हा गिऱ्हाइकाचा सवाल रोकडा होता: हे धूड माझा रोजचा किती बर्फ वाचवेल? अमेरिकेत उत्तर त्याच मापात दिलं गेलं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढणारं यंत्र एक टनाचं. हा टनही त्यांचाच, २००० पौंडांचा, म्हणजे आपले साधारण ९०७ किलो. एक पौंड बर्फाला वितळायला १४४ बीटीयू उष्णता लागते. गुणाकार करा, चोवीसनं भागा. सरांचे बारा हजार हातात येतात. गंमत अशी, की टनाच्या यंत्रातून दिवसाला टनभर बर्फ काही निघत नाही. नळाचं पाणी आधी शून्य अंशापर्यंत आणावं लागतं, त्यातच बरीच ताकद खर्ची पडते.

आता एसीच्या लेबलावर क्षमता वॅटमध्ये येते. टनाला साधारण ३५००, म्हणजे दीड टनाला पाच हजारांच्या वर. आकडा वाचून गिऱ्हाईक बिलाच्या धास्तीनं दचकतं, आणि नवखा मेकॅनिकही गोंधळतो. ते वॅट खोलीतून बाहेर टाकलेल्या उष्णतेचे. वीज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लागते, कधी त्याहून कमी. जुना टन निदान विजेशी गल्लत होऊ देत नव्हता, म्हणून मला तोच बरा वाटतो.

शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: गेज आणि व्हॅक्यूम पंप हातात देण्याआधी एकदा बर्फाची लादी वर्कशॉपात आणा. दीड टनाचा एसी पूर्ण जोरानं चालला, की तासाला असा सत्तावन्न किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता खोलीबाहेर काढतो, हे ती लादी समोर ठेवूनच सांगा.