जुन्या गिटारीचा नाद

जुनें तें सोनें ही म्हण वाद्यांच्या बाबतींत जितक्या बिनतक्रार मानली जाते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाच्या बाबतींत मानली जात असेल. घरांत वडिलांच्या वेळचा तंबोरा असला कीं गवयी तो सहसा हातचा जाऊं देत नाहीं. युरोपांत जुन्या व्हायोलिनासाठीं एखाद्या वाड्याची किंमत मोजणारे लोक आहेत. गिटार वाजविणाऱ्यांत तर असा दृढ समज आहे कीं, नवी गिटार कोऱ्या चामडी जोड्यासारखी आखडलेली असते. ती वर्षानुवर्षें वाजविल्यावांचून मोकळी होत नाहीं. लांकूड वाळत जातें, नाद मुरत जातो, आणि वाजविणाऱ्याच्या हाताची संवय जणूं वाद्याच्या अंगीं उतरते, असें म्हणतात.

हा समज कोठवर खरा आहे, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. नाद जर केवळ वयानें येत असेल, तर वाद्य घडविणाऱ्या कारागिराच्या वांट्याला श्रेय तें कोणतें उरलें? आणि ज्या विद्यार्थ्याच्या हातीं आज बेताच्या किंमतीची कोरी गिटार आली आहे, त्यानें काय वीस वर्षें वाट पाहत बसावें?

या विचाराचा आरंभ स्पेनपासून करणें योग्य होईल. मैफलींत वाजणाऱ्या गिटारीला आजचें रूप मुख्यतः आंतोनियो दे तोर्रेस या कारागिरानें दिलें. तो १८१७ सालीं आल्मेरिया शहरालगत जन्मला. मूळचा तो सुतार. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेव्हिल शहरांत गिटारी घडविणारा म्हणून त्याचें नांव झालें. त्यानें गिटारीचा देह मोठा केला, तारांची लांबी सुमारें ६५ सेंटिमीटर ठरविली, आणि तंबोऱ्याच्या तबलीप्रमाणें गिटारीची जी वरची फळी असते ती पातळ करून तिला आंतून पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरलेल्या सात पट्ट्यांचा आधार दिला. अशा पट्ट्या त्याच्या आधींहि कोणी कोणी लावीत असत. त्यांचें प्रमाण बसविलें तें त्यानें. १८६२ सालीं तर त्यानें एक गिटार अशी केली कीं, तिची तबली लांकडाची, पण पाठ आणि बाजू कागदी पुठ्ठ्याच्या. गिटारीचा प्राण तबलींत आहे, हेंच त्याला त्यांतून दाखवावयाचें होतें. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयांत आहे.

याच तोर्रेसच्या दुकानीं १८६९ सालीं फ्रान्सिस्को तार्रेगा हा कोवळ्या वयाचा वादक आला. तोर्रेसनें प्रथम त्याच्यापुढें एक साधी गिटार ठेवली; परंतु मुलाचा हात ऐकल्यावर तो आंत गेला आणि स्वतःसाठीं राखून ठेवलेली १८६४ सालची गिटार घेऊन आला, अशी हकीकत सांगतात. पुढें तार्रेगानें त्या गिटारीवर वर्षानुवर्षें वादन केलें आणि गिटार-वादनाला नवें वळण लावलें. ती गिटार त्याच्या हातीं आली तेव्हां अवघी पांच वर्षांची होती, एवढें येथें ध्यानांत ठेवावें.

आतां लांकडाकडे वळूं. गिटारीची तबली बहुधा स्प्रूस नांवाच्या थंड प्रदेशांतील झाडाची असते आणि तिची जाडी दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. हलकें असूनहि ताठ राहणें हा या लांकडाचा विशेष गुण. लांकडाच्या घडणींत मुख्य द्रव्यें तीन. सेल्युलोजचे लांब धागे त्याला ताठपणा देतात. लिग्निन त्या धाग्यांना सांधून धरतें. आणि हेमिसेल्युलोज नांवाचें तिसरें द्रव्य या दोहोंच्या मध्यें भरलेलें असतें. हवेंतील ओलावा सर्वांत अधिक शोषतें तें हें तिसरें द्रव्य, आणि काळाच्या ओघांत सर्वांत आधीं विरतें तेंहि हेंच. तें विरलें म्हणजे लांकूड पूर्वीइतकें पाणी ओढीत नाहीं. अंमळ हलकें होतें, पण ताठपणा बराचसा टिकून राहतो. स्वराच्या दृष्टीनें ही गोष्ट हितकर आहे, कारण लांकडांतील ओलावा कंप गिळून टाकतो.

याला प्रत्यक्ष पुरावाहि आहे. जपानमधील नारा येथील होर्यूजी हें मंदिर जगांतील अत्यंत प्राचीन लांकडी इमारतींपैकीं एक. तेथील व इतर जुन्या इमारतींतील हिनोकी लांकडाचा जिरो कोहारा या संशोधकानें विसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यास केला. झाड तोडल्यापासून पहिलीं दोन-तीनशें वर्षें हें लांकूड अधिक बळकट होत जातें आणि मग हळूहळू उतरणीला लागतें, असें त्याला आढळलें. तैवानमधील संशोधकांनीं २०१७ सालीं स्त्रादिवारीच्या वाद्यांतील मेपल लांकूड तपासलें, तेव्हां त्यांतील हेमिसेल्युलोजपैकीं सुमारें एक तृतीयांश विरून गेल्याचें दिसलें. मात्र त्याच लांकडांत त्यांना निरनिराळीं खनिज द्रव्येंहि सांपडलीं; म्हणजे त्या काळीं लांकडावर कांहीं संस्कार केलेला होता. तेव्हां त्या लांकडाचें वेगळेपण सर्वस्वी काळाचें, असेंहि म्हणतां येत नाहीं.

तात्पर्य, वयानें लांकूड बदलतें हें खरें. परंतु तें शतकांच्या मापानें बदलतें. हा धीर न धरवून माणसानें आडवाट शोधली नाहीं असें नाहीं. पॅरिसचा प्रसिद्ध व्हायोलिनकार व्हीयोम लांकूड भट्टींत भाजून पाही, असें सांगतात. आणि अलीकडे कित्येक गिटार-कारखाने प्राणवायु कमी ठेवून तबलीचें लांकूड तापवितात, तें याच हेतूनें.

काळ जसा देतो तसा नेतोहि, ही बाजू जुन्याचे भक्त बहुधा विसरतात. मैफलीच्या गिटारीच्या सहा तारांचा ताण सुमारें ४० किलो असतो. पोलादी तारांच्या गिटारीवर तो ७० किलोंच्या घरांत जातो. हा सारा भार त्या पातळ तबलीवर चिकटविलेल्या घोडीवर अहोरात्र पडत असतो. तबली घोडीमागें फुगते, पुढें खचते. सरस सुटतो, पट्ट्या ढिल्या होतात, कोरड्या हवेंत लांकूड तडकतें. व्हायोलिनाची तबली कमानदार कोरलेली असल्यामुळें तें तीन-तीनशें वर्षें तग धरतें. गिटारीची तबली जवळजवळ सपाट. म्हणूनच स्पॅनिश परंपरेच्या वादकांत याच्या उलट समजहि आढळतो: गिटार कांहीं दशकें उत्तम बोलते आणि मग थकते. एकाच वाद्याविषयीं परस्परविरुद्ध असे दोन समज सारख्याच निष्ठेनें बाळगले जावेत, ही गोष्ट मोठी सूचक आहे.

अमेरिकेंतील उदाहरण याहून बोधप्रद आहे. मार्टिन या जुन्या कारखान्याच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गिटारी आज अमूल्य मानल्या जातात, आणि त्यांचा नाद वयानें पिकला असें सर्रास म्हटलें जातें. परंतु तबलीखालच्या पट्ट्या मधून कोरून हलक्या करण्याची पद्धत त्या कारखान्यानें १९४४ सालच्या अखेरीस सोडली, आणि त्याच सुमारास तबलीचें तांबडें स्प्रूसहि दुर्मिळ होऊन दुसऱ्या जातीचें स्प्रूस वापरांत आलें. म्हणजे त्या गिटारी जुन्या आहेत एवढेंच नव्हे, तर त्या मुळांतच निराळ्या घडविल्या आहेत. शिवाय ज्या गिटारी सुमार निघाल्या त्या मोडल्या, फेंकल्या गेल्या; ज्या चांगल्या होत्या त्या लोकांनीं जपल्या. ऐंशी वर्षांच्या चाळणींतून उरलेलें धान्य टपोरें दिसलें, तर त्याचें श्रेय सर्वस्वी काळाला कसें द्यावें?

आतां उरला प्रश्न वाजविण्याचा. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील शास्त्रज्ञांनीं याचा छडा लावण्याचा सरळ मार्ग काढला. एकाच कारागिराकडून शक्य तितकीं एकसारखीं दोन व्हायोलिनें करून घेतलीं. एक संग्रहालयांत नियंत्रित हवेंत ठेवलें आणि क्वचितच वाजविलें. दुसरें एका व्यावसायिक वादकानें नित्य वाजविलें. तीन वर्षांनीं वादकांना व श्रोत्यांना दोन्हींची पुनः तुलना करावयास सांगितलें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. तीन वर्षें म्हणजे तीस वर्षें नव्हेत, हें कबूल. पण चार महिन्यांत गिटार ‘मोकळी’ झाल्याच्या ज्या गोष्टी ऐकूं येतात, त्यांवर या प्रयोगाचा प्रकाश पडल्यावांचून राहत नाहीं.

मग कानाला फरक जाणवतो तो खोटाच काय? तसेंहि नाहीं. २०१० सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें एकवीस व्हायोलिन-वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांना तीन नवीं व तीन जुनीं इटालियन वाद्यें वाजवावयास दिलीं. जुनें कोणतें, नवें कोणतें, हें बहुतेकांना ओळखतां आलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्त्रादिवारीला. वाद्याचें वय आपण आधीं डोळ्यांनीं ऐकतों आणि मग कानांनीं, असाच याचा अर्थ.

याखेरीज खरोखर बदलणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्या फक्त लांकडांत नसतात. तारा मळतात, पडदे झिजतात. मुंबईच्या पावसाळ्यांत तबली ओलावा पिऊन जड बोलते आणि कोरड्या दिवसांत तीच खणखणीत होते. मिरजेच्या तंबोऱ्याचेंच पाहा: तारांच्या घर्षणानें घोडी झिजली कीं त्याची जवारी बिघडते आणि ती पुनः लावून घ्यावी लागते. तेथें लांकडाच्या वयाहून जवारी काढणाराचा हात श्रेष्ठ ठरतो. तार्रेगाच्या काळीं गिटारीवर तांत चढवीत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस नायलॉन आलें, आणि तोर्रेसच्या गिटारी आज बहुधा त्याच तारांनीं वाजतात. आणि सर्वांत अधिक बदलतो तो वादकाचा हात. कोणत्या पडद्यापाशीं हें वाद्य खुलतें, कोठें तें रुसतें, हें वर्षभराच्या सहवासानें बोटांना कळूं लागतें. गिटार मोकळी झाली असें ज्याला वाटतें, त्याचा हात मोकळा झालेला असतो.

इतिहासाची साक्षहि हीच आहे. आंद्रेस सेगोव्हिया यानें माद्रिदच्या मानुएल रामीरेस याच्या कारखान्यांतील १९१२ सालची गिटार हातीं घेतली ती नवी असतांना, आणि पंचवीस वर्षें वाजविली. १९३७ सालीं जर्मन कारागीर हेर्मान हाउझर यानें त्याला दुसरी गिटार करून दिली. पंचवीस वर्षें ‘मुरलेली’ गिटार बाजूला ठेवून सेगोव्हियानें ती कोरी गिटार उचलली आणि पुढें दोन तपांहून अधिक काळ तिच्यावर जग जिंकलें. त्या दोन्ही गिटारी १९८६ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत दाखल झाल्या. आज त्यांच्याकडे जुन्या म्हणून आदरानें पाहिलें जातें. परंतु ज्या दिवशीं त्या निवडल्या गेल्या त्या दिवशीं त्या जुन्या नव्हत्या, उत्तम होत्या.

तोर्रेस १८९२ सालीं वारला. उतारवयांत कोणी त्याला त्याच्या कलेचें रहस्य विचारलें, तेव्हां तें आपल्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत आहे, तबली चिमटींत धरून पाहतांना बोटांना जें कळतें तें दुसऱ्याला देतां येत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें, असें सांगतात. लांकडाच्या वयाचा त्यानें उल्लेखहि केला नाहीं. काळ चांगल्या वाद्यावर आपली सावकाश छाया टाकतो, यांत संशय नाहीं. पण जें कारागिराच्या बोटांनीं पहिल्या दिवशीं घातलेलें नसतें, तें काळ शंभर वर्षांनींहि घालूं शकत नाहीं. आणि तें घातलेलें असेल, तर वाट पाहण्याचें कारण नाहीं. गिटार आजच हातीं घ्यावी.